तोंडात टाचण्या

आमच्या ताईंना मनातल्या मनात काही करताच येत नाही. वाचणं मोठ्यानं, विचार मोठ्यानं, अगदी सुईत दोरा ओवायचा तर तोसुद्धा मोठ्यानं. "ये बाई, ये, अशी सरळ ये... हं, आली!" नवीन गिऱ्हाईकाला वाटतं आपल्यालाच बोलावताहेत, ते बिचारं दोन पावलं पुढे येतं.

ताई म्हणजे माझी नणंद. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे आणि माप घ्यायचं त्यांनी, लिहायचं मी, हे मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून चालत आलंय. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागच्या टोकाला पडदा, पडद्याआड आरसा आणि गिऱ्हाईक. मधे दोन मशिनं. दाराशी दाजींचं इस्त्रीचं टेबल, दाजी म्हणजे ताईंचे यजमान, आणि त्यांच्या शेजारी माझं टेबल. पडद्याआडून ताई आरोळी ठोकणार, "खांदा साडेपंधरा! बाही तेवीस! कंबर... अहो, पोट आत ओढू नका, कोटाला श्वास घ्यायला जागा लागते... कंबर चाळीस!" आणि मी इकडे उतरवून घेणार. हात मापावर गेला की तोंड उघडायचं, अशी त्यांना सवयच लागून गेलीय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काय उगीच?

आता अशा बाईच्या हातात फोन आला आणि फोनानं पासवर्ड मागितला, तर काय होणार? तेच झालं.

ताईंचा पासवर्ड म्हणजे दाजींच्या लग्नातल्या कोटाचं माप. तो कोट ताईंनीच शिवला होता. स्वतःच्या नवऱ्याचा कोट स्वतः शिवला, याचा त्यांना अजून अभिमान आहे. फोन हातात घेतला की बोट एका अक्षरावर आणि तोंड चालू. "छाती... छत्तीस... कंबर... अठ्ठावीस..." मेलसाठी तोच, बटणं मागवायच्या वेबसाइटसाठी तोच, सिनेमे बघायच्या खात्याला तोच, आणि दुकानाच्या पानालाही तोच. दाजींची कंबर आता कितीवर गेलीय ते मी सांगणार नाही, गिऱ्हाईकाचं माप बाहेर सांगू नये. पण पासवर्ड तेवढा बारीक राहिला होता खरा.

आणि तो सगळ्या गल्लीला पाठ होता! शेजारच्या दुकानात चपलाबूट शिवणारे मोचीकाका बसतात, मधली भिंत म्हणजे नुसती फळी. ते दुपारी हातोडी बाजूला ठेवून ताईंच्याच खात्यावर सिनेमे बघायचे. समोरची पार्लरवाली बघायची, तिची आई बघायची. एकदा ताईंनी दिवसभर वाट बघितलेला सिनेमा लावायला घेतला तर फोनच्या पडद्यावर अक्षरं आली, या खात्यावर आधीच फार जण बघताहेत. मी चिडले. म्हटलं, "ताई, तुमच्याच घरात तुम्हाला बसायला जागा नाही!" ताई म्हणतात कशा, "असू दे गं, कुणी तरी बघतंय ना?" घ्या! एवढं मोठं मन मला काही झेपत नाही.

पण दुकानाचं ते पान म्हणजे ताईंचा जीव की प्राण होतं. त्याचं असं झालं की ताईंचा हात मुळात तयार कपडे न बसणाऱ्या माणसांवर बसलेला. कुणाचा एक हात आखूड, कुणी चाकाच्या खुर्चीत बसणारं, कुणाला पाठीत बाक. बाकीचे शिंपी काय करतात? खांदा खाली असला की आत जाड गादी ठोकतात आणि दोन्ही खांदे सारखे दिसले की झालं म्हणतात. ताई तसं करत नाहीत. जसं अंग तसा कपडा बेतायचा, त्यात लपवाछपवी नाही. माझ्या लेकीनं अशा दोन-चार कपड्यांचे फोटो त्या पानावर टाकून दिले आणि कुठून कुठून लोक विचारू लागले. मापं कशी घ्यायची ते ताई लिहून कळवत, लोक मापं आणि फोटो पाठवत, आणि कपडा पार्सलनं घरी जाई.

त्यातच एक गाण्याची शिक्षिका होती. दूरच्या एका शहरातली, वय पस्तिशीच्या आसपास. लहानपणापासून तिची पाठ एका बाजूला वळलेली आणि उजवा खांदा उतरलेला. गळा सोन्यासारखा, पण आयुष्यभर गायली ती मागच्या रांगेत उभी राहून, उंच माणसाच्या आड. आता तिच्या गानवृंदानं तिला पुढे उभं करायचं ठरवलं होतं. मध्यभागी, एकटी. आणि तिच्याजवळ अंगावर नीट बसेल असा एकही कपडा नव्हता. तिला लांब निळा कोट हवा होता. तिनं स्वतःच्या पाठीचे फोटो काढून ताईंना पाठवले आणि खाली लिहिलं की हे मी आजवर डॉक्टरांशिवाय कुणाला दाखवलेले नाहीत.

हे मला कसं कळलं? ताईंनीच मोठ्यानं वाचलं म्हणून. पण ती ओळ वाचून झाली आणि त्या एकदम थांबल्या. त्यानंतर तिचा निरोप आला की ताई फोन घेऊन मागच्या अंगणात जायच्या आणि पाण्याच्या टाकीला वाचून दाखवायच्या. फोटो मलाही दाखवले नाहीत. निळं लोकरीचं कापड आलं, ते बेतायच्या टेबलावर घडी घालून ठेवलं. आणखी दोन मापं आणि एक बाजूचा फोटो यायचा होता, तो आला की कात्री लावायची.

आणि एका सकाळी समोरून पार्लरवालीनं हाक मारली, "ताई, चष्म्यांचा धंदा कधीपासून?"

बघतो तर काय, दुकानाच्या पानावर ताईंचा हसरा फोटो, गळ्यात टेप, आणि खाली ओळीनं काळे चष्मे. निम्म्या किमतीत! घाई करा! ताईंच्या नावानं शे-दोनशे लोकांना निरोप गेलेले. आम्हाला हसावं की रडावं कळेना. ताईंना आधी हसूच आलं. दाजी इस्त्री थांबवून म्हणाले, "मला एक ठेव गं, उन्हाचा त्रास होतो."

मी मात्र तडक शेजारी गेले. कंबरेवर हात ठेवून मोचीकाकांना म्हटलं, "हे तुमचंच काम! आमचा पासवर्ड तुम्हाला तोंडपाठ आहे!" मोचीकाकांनी तोंडातला दोरा काढला आणि म्हणाले, "वहिनी, फुकटचे सिनेमे मिळत असताना मी चष्मे कशाला विकत बसू?" मी पाय आपटत परत आले.

संध्याकाळी माझी लेक आली. ती एका इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर काम करते, दिवसभर लोकांची गुपितं तिच्या हाताखालून जातात, त्यामुळे या बाबतीत ती फार कडक. तिनं बसून फोन नंबरवरून ताईंची ओळख पटवली, खातं परत मिळवलं, चष्मेवाल्याला बाहेर काढलं. आम्ही चहा टाकला. संपलं एकदाचं, असं वाटलं.

तेवढ्यात त्या शिक्षिकेचा निरोप आला. ताई टाकीपर्यंत गेल्याच नाहीत, जागेवरच वाचला. "ताई, मलाही चष्म्यांचा निरोप आला होता. माझे फोटो त्याच खात्यात होते का?"

ताई मटकन खाली बसल्या. मी म्हटलं, "सांगा ना नव्हते म्हणून. तिला कुठे कळणार आहे?" ताईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "वहिनी, माप खोटं लिहिलं तर कपडा बसतो का?" गल्लीतले सगळे मला वहिनी म्हणतात, म्हणून त्याही म्हणतात. मग एकेक अक्षर बोलत त्यांनी लिहिलं. "हो. होते. कुणी बघितले का... मला माहीत नाही. चूक माझी. आता काढून टाकलेत."

उत्तर लगेच आलं. "मग कोट राहू दे ताई. तुमच्यावर राग नाही. मी आपली नेहमीच्या जागी उभी राहीन."

नेहमीच्या जागी म्हणजे मागच्या रांगेत, हे आम्हा दोघींनाही समजलं. ताईंनी त्या निळ्या कापडाची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, "ते पान बंद करून टाक गं. मापाची बाई मी, आणि मलाच माझं तोंड आवरत नाही. कुणी कुठल्या विश्वासानं मला काही पाठवायचं?" त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधीच ऐकला नव्हता. फार वाईट वाटलं. मला तर त्या चष्मेवाल्याला शोधून त्याच्या डोक्यावर इस्त्री ठेवावीशी वाटली.

"बंद बिंद काही करायचं नाही," माझी लेक म्हणाली. "आत्या, तुझ्या चुका दोन आहेत. एक, सगळ्या कुलपांना एकच किल्ली. त्या बटणांच्या वेबसाइटवरून मागे खूप जणांचे पासवर्ड चोरीला गेले होते, त्यात तुझा गेला. चोरानं तो सगळीकडे लावून बघितला आणि सगळीकडे लागला."

म्हणजे मोचीकाकांचा काही संबंध नव्हता! चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं मी केलं होतं. मी गुपचूप एक कप चहा फळीपलीकडे सरकवला.

"आणि दुसरी चूक?" ताईंनी विचारलं.

"तुझं तोंड."

मग तिनं ताईंच्या फोनवर एक पासवर्ड मॅनेजर घातला. म्हणाली, हा प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, कुणालाही सुचणार नाही असा पासवर्ड तयार करतो आणि स्वतःच लक्षात ठेवतो. तुला तो माहीत असायची गरजच नाही. तू फक्त एकच लक्षात ठेवायचा, हे सगळं उघडण्याचा. तो मुख्य.

"फुकट आहे?" मी विचारलं.

"हो."

"फुकटात कुलूप कोण देतं? आपलंच सगळं उचलून न्यायचे."

"मोठ्या ऑफिसांकडून पैसे घेतात, मामी-काकूंना फुकट देतात. आणि आई, तुझी शंका बरोबर आहे, म्हणूनच नीट चौकशी करून हा निवडला. सगळं इथं फोनमध्येच कुलूपबंद होतं आणि मग त्यांच्याकडे जातं. त्यांनाही वाचता येत नाही. म्हणूनच मुख्य पासवर्ड विसरलीस तर तेही काही करू शकत नाहीत."

मला फारसं पटलं नव्हतं, पण 'शंका बरोबर आहे' असं लेक आईला कधी म्हणते का? तेवढ्यावरच मी खूश.

आता मुख्य पासवर्ड ठरवायचा. चार-पाच शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले, घरातल्या कुणाच्या नावाचे नाहीत, कुणाच्या मापाचे तर नाहीतच. ताईंनी चष्मा चढवला, बोट उचललं आणि सुरू. "कावळा... जिना... लोणी..."

"लोणी कशाला?" दाजी इस्त्रीवरून.

"आत्या!"

"ताई, जिन्यापर्यंत नीट ऐकू आलं, पुढचं काय होतं?" फळीपलीकडून मोचीकाका.

तो गेला वाया. दुसऱ्यांदा आम्ही त्यांना अंगणात पाठवलं. दोन मिनिटांत वरच्या गॅलरीतून कपडे वाळत घालणारी बाई विचारते, "काय म्हणालात ताई, कबुतर?" तिसऱ्यांदा दाजींनी हातरुमाल दिला, तोंडावर धरायला. रुमालातूनही अक्षरन् अक्षर स्वच्छ! एवढ्या वर्षांचा आवाज तो, पडद्याआडून दारापर्यंत पोहोचायची सवय असलेला, रुमालाला काय दाद देतोय? माझी लेक भिंतीला डोकं टेकून हसत होती. मी म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी. सोडा नाद." ताईही हसत होत्या, पण मधेच त्यांची नजर निळ्या कापडाकडे जायची आणि हसू विझायचं.

दुसऱ्या दिवशी लेकीला सुट्टी होती, तीही दुकानात येऊन बसली. बँकेतले एक उंच गृहस्थ पॅन्टची उंची कमी करून घ्यायला आले होते. त्यांना स्टुलावर उभं करून ताई खाली गुडघ्यावर बसल्या, दोन्ही ओठांत टाचण्या धरलेल्या. एक एक टाचणी काढायची आणि दुमडीला लावायची. शेजारी जमिनीवर फोन होता. काल अर्धवट राहिलेलं काम, त्याची त्यानं टिंग वाजवून आठवण करून दिली. ताईंनी सवयीनं फोन उचलला आणि बोटानं टिपायला लागल्या.

आवाज नाही.

मी मान वर केली. लेकीनं मान वर केली. दाजींनी इस्त्री उभी केली. फळीपलीकडची हातोडीसुद्धा थांबली. ताईंचे ओठ टाचण्यांवर घट्ट मिटलेले, गाल नुसते हलत होते, आत शब्द धडका देत असणार, पण बाहेर यायला वाट नाही! त्यांनी एकदा लिहिलं. खात्रीसाठी परत लिहिलं. स्टुलावरचे गृहस्थ घाबरून पुतळ्यासारखे उभे. मग ताईंनी टाचण्या हातावर काढल्या, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झालं."

काय जल्लोष केला आम्ही! दाजींनी टाळ्या पिटल्या. मोचीकाका फळीवरून डोकावून म्हणाले, "मला काहीच ऐकू आलं नाही!" जणू काही त्यांनाच बक्षीस मिळालं होतं. बँकेतल्या गृहस्थांना काय चाललंय ते कळत नव्हतं, तरी तेही हसले.

मग एकेक खात्याचा पासवर्ड बदलला. फोननंच तयार करून दिले, हे लांबच्या लांब. ताईंनी पहिला वाचायला घेतला. "मोठा के, टक्का, सात, छोटा झेड, चांदणी, उलटा..." मला वाटलं आता लेक ओरडणार, तर तीच म्हणते, "वाच आत्या, खुशाल वाच! होऊ दे गल्लीला पाठ!" अर्ध्यात ताईंनाच धाप लागली. पलीकडून मोचीकाका केविलवाण्या आवाजात म्हणाले, "चांदणीनंतर काय होतं?" ताईंनी मग स्वतः जाऊन त्यांच्या फोनवर सिनेमाचं खातं उघडून दिलं. मोठं मन कुठे जाणार?

तेव्हापासून ताईंच्या ओठांत टाचण्या दिसल्या आणि जवळ कपडा नसला, तर समजायचं, कुलूप उघडताहेत.

इथपर्यंत सगळं छान. पण मला एक गोष्ट लागली. ताईंनी आयुष्यात माझ्यापासून काही लपवलेलं नव्हतं. दाजींशी भांडण झालं तर मला आधी कळायचं, दाजींना नंतर. आणि आता हा एक शब्द मला माहीत नाही! मी सहज म्हणून विचारलं, "काय ठेवलात हो?" म्हणाल्या, "नाही सांगणार." मी म्हटलं, "अहो, मला?" म्हणाल्या, "तुलासुद्धा." मी खूप प्रयत्न केले. फळांची नावं घेतली, भाज्यांची घेतली, त्यांचा चेहरा बघत राहिले. दगड! लेकीनं सांगितलं होतं, एकदा कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेव, विसरलीस तर पंचाईत. ताईंनी चिठ्ठी लिहिली आणि कुठल्याशा कपड्याच्या अस्तरात शिवून टाकली. कुठल्या, ते सांगितलं नाही. दाजी आठवडाभर प्रत्येक कोट इस्त्रीखाली कुरकुरतोय का ते कान लावून बघत होते. मी त्यांना म्हटलं, "सापडली तर मला सांगा." ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. राहू दे." मी रुसले. ताईंशी मोजकं बोलायचं ठरवलं. ताईंच्या दुकानात मोजकं बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, मलाच माझा आवाज विसरायला झाला.

दरम्यान ताईंनी त्या शिक्षिकेला एक लांब निरोप पाठवला होता. आधी काय झालं, आता काय केलंय, सगळं सरळ लिहिलं. फोटो नकोत, कोट हवा असेल तर तूच ये, येण्याजाण्याची काळजी करू नकोस, कापड तुझ्यासाठीच ठेवलंय. उत्तर आलं नाही. एका बाईनं चांगल्या निळ्या कापडाची चौकशी केली, तर ताई म्हणाल्या, "ते विकायचं नाही." ती गेल्यावर मी म्हटलं, "ती काही यायची नाही आता." ताई काही बोलल्या नाहीत. तोंडात टाचण्याही नव्हत्या, तरी बोलल्या नाहीत.

मग एका दुपारी तिचा फोन आला. ताई धावत अंगणात. मी मागच्या दारात, ऐकायला नाही, चहाची पातेली विसळायला. ताईंना दुसऱ्याचा प्रश्न परत म्हटल्याशिवाय उत्तर देता येत नाही, त्यामुळे मला दोन्ही बाजू कळत होत्या.

"मापं कुलपात राहतील का? राहतील, पक्कं... आणखी कुणाला उघडता येतं? कुणालाच नाही. मला एकटीला... माप लिहून घेते ती भावजय? नाही गं. तिलासुद्धा माहीत नाही." मग जरा थांबून, "रुसलीय माझ्यावर. पण नाही सांगितलं."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी त्या दिवशी हट्टानं तो शब्द काढून घेतला असता, तर आत्ता ताईंना काय म्हणावं लागलं असतं? माझा राग कुठल्या कुठे पळाला. उलट ऊर भरून आला. फोन ठेवून ताई वळल्या तर मी समोर. म्हटलं, "येतेय का?" ताईंनी मान हलवली आणि माझा हात एवढा घट्ट धरला की पातेलं खाली पडलं.

ती आली. बारीक चणीची, अंगावर सैल शाल, बोलणं हळू. नेमकी त्या वेळी दुकानात गर्दी. पार्लरवाली पडदे घेऊन आलेली, मोचीकाका काही कारण काढून बसलेले, दोन गिऱ्हाईकं बाकावर. ताई तिला पडद्याआड घेऊन गेल्या. मी सवयीनं पेन्सिल उचलली.

आतून काही आलं नाही. एक आकडा नाही. पडदा हलत होता, टेपची सळसळ कानावर येत होती, म्हणजे माप चालू होतं. ताई गप्प राहून माप घेत होत्या! दाजी माझ्याकडे बघायला लागले, मी दाजींकडे. बऱ्याच वेळानं ताई बाहेर आल्या. घामाघूम झाल्या होत्या, मोठं ओझं उचलून आणल्यासारख्या. मापं त्यांनी स्वतःच फोनमध्ये लिहिली, त्या कुलपात, आणि माझी पेन्सिल तशीच टेबलावर राहिली.

पुढचे काही दिवस तो कोट ताईंच्याच हातात होता. मला त्यांनी मशिनलाही बसू दिलं नाही. खांद्यात गादी नाही घातली, उजवी बाजू वेगळी बेतली, पाठीत कळ्या, म्हणजे निमुळत्या पट्ट्या, अशा घातल्या की कापड त्या वळणाबरोबर वळावं. ट्रायलला ती परत आली, आणि दुकान पुन्हा भरलेलं, कारण गल्लीला वास लागला होता. ताई कच्च्या टाक्यांचा कोट घेऊन तिच्याबरोबर आत गेल्या. पडदा बंद.

आम्ही सगळे उगीच कामात असल्यासारखे. आत काहीच आवाज होईना. ताईंचा नाही, तिचा नाही. मला भीती वाटली. बसला नसेल का? रडतेय का ती?

आणि आतून आवाज आला. ताईंचा नव्हे. भरलेला, स्वच्छ, पहिल्या रांगेतून शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असा.

"वहिनी, आहात का बाहेर? लिहून घ्या! उजवा खांदा डाव्यापेक्षा दीड इंच खाली!"

"अगं हळू!" ताई आतून दटावत होत्या. "दुकान भरलंय!"

"भरू दे की, ताई. माप माझं आहे." आणि ती हसली, आणि पडदा बाजूला सारून बाहेरच आली. निळा कोट अंगात, पांढरे कच्चे टाके अजून तसेच, शाल कुठेच नाही. दुकानाच्या मधोमध उभी राहिली. तिच्या मागे ताई, दोन्ही हात तोंडावर धरलेल्या.

दाजींच्या इस्त्रीखाली कुणाची तरी कॉलर करपली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. माझे डोळे भरून आले होते, अक्षर धड दिसत नव्हतं, तरी मी पेन्सिल घेतली आणि तिनं सांगितलेलं लिहिलं.

"हं," मी म्हटलं. "बाही?"